अकराचं हसू

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या.

“वहिनी, आमच्या चिमीलाही तुमच्या लेकीच्याच शाळेत घालावं म्हणते. खरंच कशी आहे हो?”

“चांगली आहे गं. वर्गात वीसच मुलं. बाई रोजच्या रोज वह्या तपासतात. आणि वर्गातला कॅमेरा आपल्याला फोनवर दिसतो.”

“हे बरंय. जिवाला घोर नाही.”

“आवाज तेवढा येत नाही. मी रोज अकराला बघते, मधली सुट्टी सुरू झाली की. तिला माहितीये ते. वर बघून छान हसते.”

“मग घालतेच मी.”

“काल मला उशीर झाला. अकरा वाजून दहा मिनिटांनी उघडलं.”

“मग?”

“बाकीची मुलं घोळका करून डबा खात होती. ही एकटी, भिंतीकडे तोंड करून. डबा तसाच मांडीवर.”

“आणि बाई?”

“तिथेच होत्या. वह्या तपासत.”

“घरी आल्यावर तिला विचारलंत ना?”

“नाही.”

“अहो, विचारायचं की.”

“विचारलं तर तिला कळेल, मी कधीही बघते. मग ती दिवसभर हसत बसेल.”