गिरणीफाट्यावर साडेसहा तास

पोलीस ठाणे रॉसबर्न, वेस्ट कोस्ट, न्यूझीलंड. सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी १०.२०.

नाव लॉर्ना मे पास्को, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त (पूर्वी शाळेची बस चालवत होते), राहणार बेकरीच्या मागे, केल्सो रस्ता, रॉसबर्न.

मी समक्ष हजर राहून सांगते की, आज मी स्वतःहून आले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. जबाब लिहून घेणारे कॉन्स्टेबल लहानपणी माझ्याच बसने शाळेत जात. आज ते मला मॅडम म्हणत आहेत. त्यांनी खुशाल म्हणावे, पण जबाब मी सांगते तसाच लिहावा.

आमच्या गावचा केल्विन स्ट्रेकर दर नोव्हेंबरात डोंगर आणि जंगलातून पाच दिवसांची मोटारसायकल रॅली काढतो. यंदा बावीस गाड्या होत्या. सगळ्यांत पुढे केल्विन आणि सगळ्यांत मागे माझी पांढरी व्हॅन. व्हॅनमध्ये सुटे भाग, पेट्रोल, औषधांची पेटी आणि भोपळ्याचे सूप असते, मागे ट्रेलर असतो. हे काम मी नऊ वर्षे करत आहे. पाऊस यंदाही होता. आमच्याकडे पाऊस पडला याची बातमी होत नाही, थांबला तर होते.

रॅलीचा नियम असा. वळण आले की केल्विनच्या लगेच मागचा स्वार तिथे थांबतो आणि मागून येणाऱ्यांना हाताने रस्ता दाखवतो. त्याला आम्ही कोपऱ्यावरचा माणूस म्हणतो. सगळे पुढे गेले तरी माझी व्हॅन येऊन "निघ" म्हणेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. केल्विन रोज सकाळी बजावतो, "आई मेली तरी कोपरा सोडायचा नाही." मला मध्येच वाट बदलावी लागली, तर मी वायरलेसवर "कोपरे उचला" असे सांगायचे. मग केल्विन कोणाला तरी मागे पाठवून उभी असलेली माणसे गोळा करतो.

शनिवारी, तिसऱ्या दिवशी, दुपारी १.१० वाजता केल्विनने मरे टीग यास जुन्या लाकूडगिरणीच्या फाट्यावर उभे केले. नदीपासून मुक्कामापर्यंत वळण तेवढे एकच आहे. मरे ६७ वर्षांचा आहे. त्याने आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. बोलणे कमी. गेली सहा वर्षे तो या रॅलीत येतो, पण त्याचा आवाज मी मोजून दहा वेळा ऐकला असेल.

फाट्याच्या नऊ किलोमीटर अलीकडे नदी आहे, तिला पूल नाही, गाडी पाण्यातूनच न्यावी लागते. सगळे पार झाले. शेवटचा क्लाइव्ह बेंडल मात्र आडवा झाला आणि इंजिनात पाणी गेले. तेव्हा १.३५ झाले होते. मी कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याला आणि त्याच्या गाडीला ओढून काढले.

तो म्हणाला, "अगं लॉर्ना, पाणी खोल नव्हतं म्हणूनच घातली मी गाडी!"

मी म्हटले, "हो का? मग पोहत कशाला होतास?"

नदी चढत होती. ट्रेलर घेऊन पार जाणे शक्य नव्हते, म्हणून मी केल्विनला वायरलेसवर सांगितले, "क्लाइव्हची गाडी ट्रेलरवर घेतलीय. मी हायवेने फिरून येते."

तो म्हणाला, "बरं, सावकाश ये. सूप उरलंय का?"

मी म्हटले, "आहे."

एवढेच बोलणे झाले. "कोपरे उचला" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. क्लाइव्हच्या तोंडाचा पट्टा चालू होता, मी ओलीचिंब होते, मला राग आला होता. ही कारणे झाली. ती लिहिली नाहीत तरी चालेल.

४.१५ वाजता मी मुक्कामाच्या लॉजवर पोहोचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि केल्विनने यादी घडी करून खिशात घातली. शेवटची गाडी आली म्हणजे सगळे आले, हा आमचा नऊ वर्षांचा हिशोब. त्यामुळे डोकी कोणी मोजली नाहीत. मीही नाही. मी गरम पाण्याने आंघोळ केली. मोजे शेगडीपाशी वाळत घातले. पत्त्यांचे दोन डाव जिंकले.

६.४० वाजता जेवायला बसताना लॉजच्या मालकीणबाई फे म्हणाल्या, "सात नंबरची किल्ली कोणाची रे? अजून खुंटीलाच आहे."

सात नंबरची खोली मरेची होती. मी मोजे तसेच टाकून व्हॅनकडे पळाले. लॉजपासून फाटा एक्केचाळीस किलोमीटर आहे, सगळा खडीचा रस्ता. तिथे फोन लागत नाही. निघताना केल्विनला रुग्णवाहिका बोलावण्यास सांगितले.

७.४० वाजता मी फाट्यावर पोहोचले. उजेड होता. मरे उभा होता. मी पुढच्या बाजूने आले होते आणि तो नदीकडच्या रस्त्याकडे तोंड करून होता, म्हणजे मला त्याची पाठ दिसली. हॉर्न ऐकून त्याने मागे न पाहताच डावा हात वर केला आणि रस्ता दाखवला.

मी त्याच्या समोर गेले. तो म्हणाला, "तू इकडून कशी गं? मागे कोणी राहिलं का?"

मी म्हटले, "नाही रे मरे. तूच शेवटचा."

त्याचे ओठ निळे झाले होते आणि थरथर थांबलेली होती. थरथर थांबणे वाईट, हे मला माहीत आहे. तो जिथे उभा होता तिथे खडीत त्याच्या बुटांचे दोन खड्डे पडले होते आणि त्यांत पाणी साचले होते. त्याला व्हॅनमध्ये घातले, ओले कपडे काढले, होती नव्हती ती पांघरुणे गुंडाळली आणि निघाले. वाटेत तो म्हणाला, "झोपू का जरा?"

मी ओरडले, "अजिबात नाही! तू अजून कोपऱ्यावर आहेस. मी सांगेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत."

तो "बरं" म्हणाला आणि रुग्णवाहिका समोरून येईपर्यंत त्याने डोळे उघडे ठेवले. पंचवीस मिनिटे. मी गाडी चालवत होते आणि रडत होते, हेही लिहा.

फाट्यापलीकडे गाई पाळणाऱ्या नाइरी टिपेने यांनी मला काल सांगितले की, त्या शनिवारी ३ वाजता तिथून गेल्या. त्यांनी मरेला म्हटले, "काका, बसा गाडीत. मरायचंय का इथे?" तो म्हणाला, "मी हललो तर मागचा वाट चुकेल. पांढरी व्हॅन येईलच आता." त्यांनी त्याला थर्मासमधला चहा दिला. व्हॅन येईलच असे त्यांनाही वाटले. त्या जबाब द्यायला तयार आहेत.

रॅली तिथेच थांबवून आम्ही काल गावी परतलो आणि सायंकाळी केल्विन माझ्या घरी आला. मरे कंटाळून फाटा सोडून भलत्याच रस्त्याला लागला आणि चुकला, असे त्याने ठाण्यात सांगितल्याचे मला तेव्हा कळले. तो म्हणाला, "तूही तसंच सांग, लॉर्ना. नाहीतर रॅली बंद होईल. आणि मरे काही बोलणार आहे का?"

मी त्याला चहा न विचारता दार दाखवले. केल्विन वाईट माणूस नाही, घाबरला आहे. मीही घाबरले आहे.

मरे रुग्णालयात आहे, त्या रात्री श्वास अडकू लागला म्हणून त्याच्या घशात नळी घातली आहे. चार दिवसांनी बोलू शकेल असे डॉक्टर म्हणतात. पण मी त्याला ओळखते. केल्विनने सांगितलेले त्याला वाचून दाखवले, तर तो म्हणेल, "असेल, माझंच चुकलं असेल," आणि सही करून मोकळा होईल. म्हणून त्याला वाचा फुटण्याआधी मी आले आहे.

मरे टीग याने फाटा सोडला नव्हता. त्याला तिथे मी विसरले.

ही दोन वाक्ये वेगळ्या ओळीवर लिहावीत, असे मी कॉन्स्टेबलना सांगितले. "मॅडम, यात तुमच्यावर कारवाई होऊ शकते," असे त्यांनी मला समजावून सांगितले. मला ते समजले आहे.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. ती दोन वाक्ये मी पुन्हा एकदा वाचायला लावली, मग सही केली.

सही: लॉर्ना मे पास्को