डोरकसच्या टाकीतलं लाल डिझेल

एफी : ती बाटली उन्हात धरून काय बघताय, साहेब? लालच आहे ते. या धक्क्यावर सगळ्यांच्या टाकीत लालच असतं. एवढं बघायला कर खात्याने तुम्हाला बेलफास्टहून धाडलं?

लॅव्हरी : मिसेस मॅकव्हे, लाल डिझेलवर कर कमी असतो. ते समुद्रावर पोट भरणाऱ्यांसाठी आहे. मौजेखातर होडी चालवणाऱ्याने पांढरं घ्यायचं, पूर्ण कर भरून. रंग त्यासाठीच घालतात, म्हणजे कुणी लबाडी केली तर दिसते.

एफी : ऐकलंस का नॉर्मन? साहेब मला डिझेल शिकवतायत. अहो, माझ्या नवऱ्याच्या अंगाला लग्नाच्या दिवशीसुद्धा याचा वास होता. मौजवाल्या होड्या पलीकडच्या धक्क्याला. पांढऱ्या चड्ड्या घालून वाईन पीत बसलेले असतात ना, ते. त्यांच्या टाकीत घाला तुमची नळी.

लॅव्हरी : घातली. सकाळीच.

एफी : मग?

लॅव्हरी : पांढरं निघालं.

एफी : निघणारच. दोर सोडता येत नाही त्यांना, तेल संपतंय कशाला!

लॅव्हरी : ही 'डोरकस' तुमच्या मुलाच्या नावावर आहे. बरोबर?

एफी : नाव नॉर्मनचं. होडी माझी. डोरकस माझी सासू. तीही अशीच होती, रुंद आणि हट्टी. हिच्या जाळ्यातल्या कोळंबीवर मी चार पोरं वाढवली. आणि तुम्ही हिला मौजेची म्हणता? हिच्यावर कुणी मौज केली त्याचं नाव सांगा. मला बघायचंय ते तोंड.

लॅव्हरी : मासेमारीच्या यादीत ही होडी नाही.

एफी : चष्मा लावून वाचा.

लॅव्हरी : फेब्रुवारीपर्यंत होती. मग परवाना विकला गेला. परवाना गेला की होडी मौजेची धरतात. बांधली कशासाठी होती ते बघत नाहीत.

एफी : नॉर्मन, यांना तो परवाना दाखव बघू. जेवणाच्या आत घरी पोचतील बिचारे.

लॅव्हरी : मी थांबतो.

एफी : नॉर्मन. तुझ्याशी बोलतेय मी. दोरात काय एवढं बघण्यासारखं आहे?

नॉर्मन : आई, साहेब बरोबर सांगतायत.

लॅव्हरी : मला... टाकीला लावायचं सील गाडीत राहिलंय. आलोच.

(लॅव्हरी धक्क्यावरून गाडीकडे जातो.)

एफी : बोल.

नॉर्मन : माझ्या जोडीला होता त्या बिलीचा हात यंत्रात गेला, त्यानंतर कुणी यायलाच तयार नव्हतं. एकटाच जाळं ओढत होतो. एकदा पाय दोरात अडकला. सुरी हाताशी होती म्हणून सुटलो.

एफी : तुझ्या बापाचाही अडकायचा. तो घरी येऊन गुपचूप चहा प्यायचा.

नॉर्मन : आणि एके दिवशी आला नाही.

एफी : ते मला नको सांगूस.

नॉर्मन : नाही सांगत.

एफी : मग रोज पहाटे जातोस कुठे? मी दिवा लावून खिडकीत उभी असते. डोळ्यांनी बघते, होडी किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालते.

नॉर्मन : वळसा घालतो आणि पलीकडे नांगर टाकतो. बसतो. दुपारी परत येतो.

एफी : बसतोस.

नॉर्मन : तू खिडकीत असतेस म्हणून.

एफी : आणि शुक्रवारी मी सोलते ती कोळंबी?

नॉर्मन : डेसमंडच्या बोटीवरची.

एफी : डेसमंडची! ज्याला जाळं विणायला मी शिकवलं, बुटांचे बंद बांधता येत नव्हते तेव्हापासून! आणि गेल्या आठवड्यात मी त्यालाच सांगत होते, बघ, आमच्या नॉर्मनची कोळंबी तुझ्यापेक्षा मोठी असते. तो मान हलवत होता. तेल कुणाचं?

नॉर्मन : त्याचंच. डब्यातून देतो. पंपावर मला लाल देत नाहीत आता.

एफी : कोळंबी दुसऱ्याची, तेल दुसऱ्याचं. तुझं काय होतं रे त्यात? बूड?

नॉर्मन : होडी नेतील, आई.

एफी : नेऊ देत. बसायचंच असेल तर घरात खुर्च्या आहेत.

नॉर्मन : खरंच नेतील. दंड भरून सोडवली नाही तर तोडतात. मागे अँगसची तोडली, फळी फळी वेगळी करून.

एफी : गप्प बस. येतोय तो. आणि खांदे सरळ कर, चोरासारखा उभा राहू नकोस.

लॅव्हरी : सील लावण्याआधी एक विचारायचंय. परवाना होता तेव्हाचं जुनं तेल टाकीत उरलं असेल, तर लाल रंग महिनोन्‌महिने जात नाही. तसं असेल तर मी होडी नेत नाही. टाकी उपसून धुवायची, ताकीद देऊन सोडतो. पण फेब्रुवारीनंतर ती लाल तेलावर चालली असेल, तर मला न्यावीच लागेल.

नॉर्मन : साहेब, मी...

एफी : तुला कुणी विचारलंय? साहेब माझ्याकडे बघून बोलतायत.

लॅव्हरी : तुमचं घर ते समोरचं ना? तिथून धक्का दिसतो?

एफी : ओट्यापाशी उभं राहिलं की सगळा दिसतो. कोण कधी गेलं, कोण परत आलं, सगळं गाव मला विचारतं.

लॅव्हरी : तुम्ही सांगाल ते मी तुमचा जबाब म्हणून लिहून घेणार आहे.

एफी : घ्या. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते मी. माझ्या शब्दाला या गावात कुणी नळी लावलेली नाही अजून.

लॅव्हरी : फेब्रुवारीपासून आजपर्यंत 'डोरकस' धक्क्यावरून निघालेली तुम्ही पाहिलीत?

एफी : नाही.

लॅव्हरी : एकदाही?

एफी : माझा मुलगा समुद्रावर जात नाही आता, साहेब.