लहान तळ्याच्या खाद्यात मिळालेल्या भुकटीबाबत

मी, तळेवाली वहिनी या नावाने ओळखली जाणारी, वय ४६ वर्षे, धंदा मत्स्यपालन, राहणार तळ्यालगतच्या घरात, समक्ष हजर राहून जबाब देते की, पती वारल्यापासून दोन्ही तळी मी व माझे धाकटे दीर मिळून सांभाळतो.

गेल्या वर्षी मी लहान तळ्यासाठी सुक्या मासळीची भुकटी अजिबात न घालता, भाजलेले सोयाबीन, शेंगदाण्याची पेंड व कोंडा यांचे गोळी खाद्य सुरू केले. ते चालणार नाही, असे दिरांचे म्हणणे होते. आठ महिन्यांत मासे चांगले भरले. ते पाहून शेजारच्या चार तळेवाल्यांनी माझे खाद्य नेले. त्यांचे मासे मात्र वाढेनात. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, की तू आम्हाला हात राखून खाद्य दिलेस.

त्यावरून मला दिरांचा संशय आला. बाहेर जाणारी पोती तेच शिवत. मी विषय काढला की उठून जात. खाद्याच्या कोठीची दुसरी किल्ली त्यांनी कधी करून घेतली, हे मला माहीत नव्हते. मी त्यांच्या हातचा चहा घेणे बंद केले.

काल दुपारी दोनच्या सुमारास बाजारात जाते असे सांगून मी कोठीत रिकाम्या पोत्यांमागे बसले. दीर आले. बाहेर जाणाऱ्या पोत्यांना त्यांनी हातही लावला नाही. आमच्याच लहान तळ्याच्या मिश्रणात त्यांनी पिशवीतली तपकिरी भुकटी ओतून कालवली. मला ते विष वाटले. मोठ्या तळ्याचे मासळीचे खाद्य तिथेच असल्याने वास वेगळा कळला नाही. मी पळत बाहेर येऊन कडी घातली व ठाण्यात फोन केला.

हवालदारांनी भुकटी हुंगून पाहिली. ती सुक्या मासळीची निघाली.

दीर म्हणाले, "दुसऱ्या महिन्यातच मासे खंगायला लागले होते. तेव्हापासून मी ही भुकटी घालतोय. दादा गेल्यावर तुम्ही पहिल्यांदाच काही मनावर घेतलं होतंत, वहिनी. ते फसलेलं मला बघवलं नसतं."

मी म्हणाले, "भाऊजी, मासळीशिवाय चालतं, असं मी त्या चौघांना छातीठोकपणे सांगितलं होतं."



माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. चौघांकडे मी आज स्वतः जाणार आहे. सोबत येऊ का, असे दिरांनी विचारले. मी उत्तर दिलेले नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवला. दिरांच्या उल्लेखापुढे 'संशयित' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.