अलाबामा म्हणजे हळर्ण नव्हे

नाही भिकाजीकाका, माफी नाही मागणार मी — आणि तुम्ही असे उभ्याउभ्या बोलू नका, बसा, मला उगाच धडधडतं. मी वर्गात अलाबामा म्हटलं. अलाबामा! आपलं हळर्ण गाव नाही म्हटलं, तिकडचं तुये नाही, तुमचं नाव तर मुळीच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या घरांनी जवळजवळ शंभर वर्षं डेमोक्रॅट पक्षाला मतं दिली — आजा देत होता म्हणून बाप, बाप देत होता म्हणून मुलगा — मग त्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षानं काळ्या लोकांना हक्क देणारा कायदा केला, आणि ती घरं हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकली. हो, हसली मुलं. का हसली? कारण मी सांगितलं की आधी लोक सरकले — राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला नवा पक्ष, गावातल्या खुर्चीला जुनाच — आणि बरेच पुढारी मागाहून गेले, वर म्हणाले, आम्ही कुठे हललो, पक्षच आम्हांला सोडून गेला. आता पक्ष बदलून हेच तुम्ही गणेशचवथीला आमच्या याच सोप्यावर बसून म्हणालात, त्याला मी काय करू? — अगो बाय! काय पडलं? — माडाचा नारळ. बरं. — कुणीतरी मोबाइलवर टिपलं, तुम्हांला धाडलं, आणि एवढ्या लांबच्या अमेरिकेत तुम्ही स्वतःला शोधून काढलंत, हा माझा दोष?

नोकरीचं ठाऊक आहे मला. तासावर शिकवायची नोकरी, दर जूनला नेमणुकीचा नवा हुकूम, आणि शब्द तुम्ही टाकता. उद्या मुलांसमोर मीच ‘गौरवी मॅडम चुकून बोलल्या’ म्हणायचं, नाहीतर यंदा हुकूम नाही — असंच ना? आज झोप येणार नाही मला. पण उद्या हाच धडा पुढे शिकवणार. — बाबांचं नाव काढू नका! ते कारखान्यात पाळीवर आहेत. असते तर तुमच्यापुढे मान खाली घालून बसले असते. हे घर आमचं, हे घर आमचं — गोवा मुक्तीपासून तुमचे वडील म्हणायचे, आता तुम्ही म्हणता. तीन पक्ष फिरलात, घर मात्र तुमचंच! प्रचारालासुद्धा इथे थांबत नाही, रस्त्यावरूनच हात हलवता. कधी विचारलंत कुणाला, मत कुणाला देता म्हणून? आईनं तर गेल्या दोन्ही खेपांना —

आई, तू कशाला बाहेर आलीस, आत जा गे. ... मी काही म्हटलं नाही काका. ... नाही, म्हटलं. म्हटलंच मी. नाही दिलं तिनं तुम्हांला मत. बाबांनाही माहीत नाही. तुम्ही सांगालच त्यांना आता — सांगा, त्याआधी मीच सांगेन, तिच्या शेजारी बसून सांगेन —

आई! कप कशाला उचलतेस? काकांचा चहा अजून तसाच —

... बरं आई, कळलं.

काका, उठा.