आत फक्त घरची माणसं

नौपाड्यातल्या दवाखान्याबाहेर आजाऱ्यांना घरी जाऊन सांभाळणाऱ्या दोन आया बाकावर बसल्या होत्या.

“मनुबाई, तू आजींबरोबर आत नाही गेलीस?”

“त्यांचा मुलगा म्हणाला, आत फक्त घरची माणसं. जिन्यावरून उचलून आणताना मात्र मी चालले त्याला!”

“आणि पाठीची जखम?”

“चार वेळा सांगितलं. सून म्हणते, पावडर लावा. अगं दगडाबाई, बोट जाईल एवढा खड्डा पडलाय! तिने एकदा तरी कुशीवर वळवलंय का त्यांना?”

“मग डॉक्टरला सांगणार कोण?”

“घरची माणसं!”

दार उघडून मुलगा डोकावला. “बाई, आईला शौचाला कधी झालेलं?”

“परवा सकाळी! आणि डॉक्टर, आधी त्यांची पाठ बघा!” मनुबाई बाकावरूनच ओरडली. “कुशीवर वळवायला घरची माणसं आहेत!”