धुतलेली किमची

मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. इंग्रजी मी टीव्ही बघून शिकले, गाडी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये.

तर आम्ही अमेरिकेत ट्रॉयला होतो, पंच्याऐंशीच्या सुमारास. शेजारी सुनही नावाची कोरियन बाई राहायची, ती तापानं पडली. दोन दिवस पोटात काही नाही, आणि हवं काय, तर किमचीचा स्ट्यू. किमची म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं. तिनं बरणी माझ्या हातात दिली.

"कसा करायचा, सांगू?"

"तू झोप गं. मी एकदा बघितलाय, बास."

घरी बरणी उघडली तर ती फसफसली! आंबट वास नाकात गेला. म्हटलं, लोणचं खराब झालंय, बिचारीला तापात कळलं नाही. मग कोबी नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत चोळून धुतला. त्या स्ट्यूची सगळी चव त्या आंबटपणातच असते, हे मला कोण सांगणार? सांगू देईन तर ना!

टोफू घालून शिजवलं, तर नुसतं गरम पाणी. मग तिखट घातलं, चिंच घातली, गूळ आणि गोडा मसालाही घातला. वरून हिंगाची फोडणी दिली, तसा स्मोक अलार्म कोकलायला लागला. हे धावत आले.

"वा, आज आमटी का?"

"कोरियन आहे!" मी खेकसले.

सुनहीनं दोन वाट्या ओरपल्या. मी ऐटीत उभी.

ती म्हणाली, "तुझं इंडियन सूप फार छान होतं. आता भूक लागली. स्ट्यू आण."