सुमनची स्केटिंगची निवड

ही सुमन आता गप्प बसलीय, पण ओझरच्या कॉलनीत बायकांची स्केटिंगची टीम निघाली, तेव्हाचा हिचा थाट तुम्ही बघायला हवा होता! "शाळेत स्केटिंगमध्ये मी पहिली यायचे," असं नवऱ्याला सांगून बसलेली. खरं तर चाकांचे बूट तिने त्या दिवशी पहिल्यांदाच घातले, आणि नवरा समोर बघायला उभा. निवड करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "एक फेरी मारून दाखवा."

ही सुटली ती थेट मॅडमवरच, आणि तोल सावरायला त्यांचा पदर धरला. पदर वाचवायला मॅडम चपलांवर पुढे पळतायत, नि ही मागून घरंगळतेय!

मॅडम धापा टाकत ओरडल्या, "अहो बाई, घेते तुम्हाला टीममध्ये, पण आधी पदर सोडा!"

सुमन म्हणाली, "आधी नाव लिहा, मग सोडते."